जुन्या मोटारीस हलका ‘सेल्फ’

जुनी वस्तु टाकवत नाहीं आणि वेळेवर ती उपयोगीही पडत नाहीं, असा पेंच अनेक एकत्र कुटुंबांत पडतो. वडिलांनीं हौसेनें घेतलेली मोटार ही अशांपैकींच एक. कुर्ल्याच्या कारखान्यांतील पद्मिनी २००० सालाच्या सुमारास बंद झाली. उत्तरपाड्याची अँबॅसडर २०१४ सालीं थांबली. तथापि नीट राखलेल्या गाड्या अजून धांवतात. परभणी जिल्ह्यांत उन्हाळ्यामध्यें पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, तेव्हां अशा गाडीची खरी परीक्षा ती चालू करतांनाच होते.

इंजिनास पहिली गति देणारें विजेचें यंत्र म्हणजे स्टार्टर. गॅरेजांत त्यालाच ‘सेल्फ’ म्हणतात. अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यांनीं सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडींत आला. तत्पूर्वीं हँडल फिरवावें लागे, आणि इंजिनानें उलटा हिसका दिला तर हात मोडे. मनगटाजवळील एका विशिष्ट अस्थिभंगास वैद्यकांत आजही मोटारचालकांच्याच नांवानें ओळखतात! म्हणून ‘सेल्फ बिघडला तर हँडल आहेच’ असें म्हणून घरच्या वृद्धांस किंवा मुलांस पुढें करणें शहाणपणाचें नव्हे.

उन्हाळ्यांत बिघडतें काय? जिंतूर किंवा गंगाखेडहून आलेली गाडी थोडा वेळ उभी केली कीं, इंजिनाची उष्णता स्टार्टरमध्यें शिरते. तांब्याचा विद्युत्‌रोध दर अंशास सुमारें ०.४ टक्के वाढतो. म्हणजे वेटोळें ५० अंशांनीं अधिक तापलें, तर रोध पंचमांशानें वाढला. मग सकाळीं सहज फिरणारा स्टार्टर भर दुपारीं कण्हूं लागतो.

यावर एक उपाय म्हणजे गिअरचा हलका स्टार्टर. जुन्या प्रकारांत जड मोटर इंजिनाचें चाक थेट फिरविते. नव्यांत लहान मोटर पुष्कळ अधिक वेगानें फिरते आणि मधलीं दंतचक्रें तो वेग तीन-चार पटींनीं कमी करून जोर वाढवितात. जड घागर एकट्यानें कप्पीच्या साहाय्यानें उचलावी, तसाच हा प्रकार. कांहींत तांब्याच्या वेटोळ्यांऐवजीं कायम चुंबक असल्यानें वजन आणखी घटतें. तें पुष्कळदां जुन्याच्या निम्म्याच्या आसपास येतें. ही युक्ति नवी नाहीं. क्रायस्लर कंपनीनें १९६० नंतरच्या दशकांतच ती आपल्या गाड्यांत वापरली. हलकें म्हणजे दुबळें, हा समज येथें खरा ठरत नाहीं.

परंतु नवा स्टार्टर घेण्यापूर्वीं जुन्यावरील आरोप सिद्ध झाला आहे काय, हें पाहावें. स्टार्टर फिरत असतां बारा व्होल्टच्या बॅटरीचा दाब ९.६ व्होल्टच्या खालीं जात असेल, तर दोष बॅटरीचा असण्याचा संभव अधिक. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतच्या तारेंत अर्ध्या व्होल्टहून अधिक दाब खर्ची पडत असेल, तर तार किंवा तिचे जोड दोषी. इंजिन व सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची पट्टीही गंजलेली असूं शकते. थोडक्या खर्चांत होणारें काम मोठ्या खर्चावर कां न्यावें?

मग मापें. बोल्टांचीं भोंकें, फिरण्याची दिशा आणि बेंडिक्सच्या दांत्यांची संख्या जुळलीच पाहिजे. जुन्या कांहीं प्रकारांत बेंडिक्स फिरण्याच्या झटक्यानें सरकतें, तर नव्यांत सॉलेनॉइड तें आधीं गुंतवितो. म्हणून फ्लायव्हीलच्या दांत्यांची धार कोणत्या बाजूस घासलेली आहे, हेंही कारागिराकडून तपासून घ्यावें. दांते झडले तर बचतीच्या कितीतरी पट खर्च होतो. चुंबकही उष्णतेनें मंदावतो. तेव्हां जवळ एक्झॉस्टची नळी असल्यास मध्यें पत्र्याचा पडदा घालावा. एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक सेल्फ मारूं नये; पुन्हां मारण्यापूर्वीं अर्धा मिनिट थांबावें. काढलेला जुना स्टार्टर मात्र भंगारांत न देतां जपून ठेवावा.

वडिलांची आठवण गाडीच्या लोखंडाच्या वजनांत नसते. ती गाडी घरच्या आजारी माणसास भर दुपारीं दवाखान्यांत नेऊं शकते, यांतच तिचा खरा मान आहे.