ज्युनिपर: कसर, वाळवी आणि गोचिडांना नकोसं झाड

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात वाढणाऱ्या ज्युनिपरच्या लालसर, सुवासिक लाकडापासून पूर्वी पेन्सिली बनत. लोकरी कपड्यांना कसर लागू नये म्हणून पेट्याही याच लाकडाच्या करत. या लाकडाला वाळवीही सहसा लागत नाही. मात्र त्यातली तैलद्रव्यं द्रावकाने काढून घेतली, की वाळवी तेच लाकूड खाऊ लागते. म्हणजे संरक्षण लाकडाच्या कठीणपणात नसून सेड्रॉल, सेड्रीन, थुजोप्सीन यांसारख्या घटकांत आहे. हे तेल मुंग्यांना दूर ठेवतं आणि लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडांची पिल्लं मारतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. तेल हळूहळू उडून जातं, म्हणूनच जुन्या पेटीचा आतला भाग पॉलिश कागदाने हलका घासला, की वास पुन्हा येतो.

पानांतलं रसायन मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यात असलेलं पोडोफायलोटॉक्सिन पेशीतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं आणि पेशींचं विभाजन थांबवतं. कर्करोगावरचं इटोपोसाइड हे औषध याच रेणूपासून घडवलं गेलं. त्याचाच जवळचा नातलग, डीऑक्सिपोडोफायलोटॉक्सिन, कोबीवरच्या अळ्यांवर प्रभावी ठरला आहे.

पण अळीला मारणारा रेणू माणसाला सोडेलच असं नाही. युरोपात पूर्वी जंतांवर दिलं जाणारं सॅव्हिन ज्युनिपर इतकं विषारी आहे, की त्यामुळे गर्भपात आणि मृत्यूही झाले आहेत. त्यामुळे ज्युनिपरचं कुठलंही तेल घरच्या घरी पोटात घेऊ नये. भूमध्यसागरी प्रदेशातलं केड तेल गुरांच्या खरजेवर वापरत, तेही फक्त कातडीवर.