कोन निम्मा, पण जमीन निम्मी नाही : त्रिकोणाच्या कोनदुभाजकाचं प्रमेय

आजच्या व्याख्यानात आपण दहावीच्या भूमितीतलं एक प्रमेय घेणार आहोत. आपल्यापैकी बहुतेकांनी ते शाळेत पाठ केलेलं असतं, परीक्षेत लिहिलेलं असतं आणि निकालानंतर विसरलेलंही असतं. बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात ‘समरूपता’ या पहिल्याच प्रकरणात ते येतं. आज ते समजून घ्यायचं आहे, म्हणून कागद, पेन्सिल आणि पट्टी जवळ ठेवा. जे हे नंतर वाचतील त्यांनाही हीच विनंती. आकृती स्वतः काढल्याशिवाय भूमिती डोक्यात उतरत नाही.

सुरुवात एका प्रश्नाने करू. डहाणूच्या बाजूला, समजा, चिकूच्या बागेचा एक तिकोनी तुकडा आहे. तिकोनी तुकडे आपल्याकडे काही दुर्मिळ नाहीत. एका अंगाने रस्ता गेला, दुसऱ्या अंगाने ओहोळ, तिसऱ्या अंगाला शेजाऱ्याचा बांध, की झाला तिकोन. दोन भावांना वाटणी करायची आहे. रस्ता आणि ओहोळ जिथे मिळतात तो कोपरा धरून एक जण म्हणतो, “कोपरा बरोबर मधोमध फाडू या. कोनाचे दोन सारखे भाग झाले की जमिनीचेही दोन सारखे भाग झाले.” ऐकायला अगदी रास्त वाटतं. प्रश्न एवढाच, की हे खरं आहे का?

उत्तर देण्याआधी आपल्याला असं का वाटतं ते पाहू. त्रिकोण म्हटलं की डोळ्यांसमोर कुठला त्रिकोण येतो? आपल्या भागात तर वारली चित्रातला. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणसाचं धड तयार होतं. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि तिथून जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या चित्रांतल्या धडाचा त्रिकोण साधारणपणे दोन्ही बाजूंनी सारखा असतो, म्हणजे समद्विभुज. अशा त्रिकोणाचा वरचा कोन दुभागला तर रेषा खालच्या बाजूच्या बरोबर मध्यावर पडते आणि क्षेत्रफळाचेही दोन समान भाग होतात. फळ्यावर गुरुजी काढतात तो त्रिकोणही बहुतेक वेळा असाच असतो. त्यामुळे दुभाजक मध्यावरच पडतो, अशी आपल्या डोळ्यांना सवय होते. शेताचा तुकडा मात्र ही सवय पाळत नाही.

आता प्रमेय सांगू. त्रिकोणाच्या एका कोनाचा दुभाजक समोरच्या बाजूला ज्या गुणोत्तरात विभागतो, ते गुणोत्तर उरलेल्या दोन बाजूंच्या गुणोत्तराएवढं असतं.

वाक्य जड आहे, म्हणून अक्षरं घेऊ. त्रिकोण अबक काढा. कोन अ दुभागणारी रेषा समोरच्या बक या बाजूला ड या बिंदूत मिळते. मग

बड : डक = अब : अक

एक सूचना इथेच देतो, कारण सर्वांत जास्त चुका इथे होतात. ब च्या बाजूचा तुकडा वर लिहिला तर ब कडे जाणारी बाजूही वरच लिहायची. बड ची जोडी अब शी, डक ची जोडी अक शी. एवढं सांभाळलं की गणित उलटं होत नाही.

आणखी एक चूक अशी. काही विद्यार्थी म्हणतात, “त्रिकोण अबड आणि अकड यांत एक कोन सारखा आहे, अड ही बाजू दोघांत आहे, म्हणजे ते समरूप झाले.” तसं होत नाही. एक कोन आणि एक सामाईक बाजू एवढ्यावर दोन त्रिकोण समरूप ठरत नाहीत. आकृतीत दिसतं म्हणून लिहिलं, असं भूमितीत चालत नाही. म्हणून आता सिद्धता.

पहिली सिद्धता क्षेत्रफळाची.

रचना : ड पासून अब वर लंब टाका, त्याचा पाय म. ड पासूनच अक वर लंब टाका, त्याचा पाय न. ब किंवा क हा कोन विशालकोन असेल तर लंबाचा पाय वाढवलेल्या बाजूवर पडू शकतो. घाबरू नका, सिद्धता तशीच राहते.

पहिली पायरी. त्रिकोण अमड आणि अनड पाहा. अ पाशी दोघांचा कोन सारखा, कारण अड हा दुभाजक आहे. म आणि न पाशी दोन्हीकडे काटकोन. अड ही बाजू दोघांत सामाईक. दोन कोन आणि एक बाजू जुळली, म्हणून हे त्रिकोण एकरूप आहेत आणि डम = डन. साध्या भाषेत, दुभाजकावरचा बिंदू कोनाच्या दोन्ही बाजूंपासून सारख्या अंतरावर असतो.

दुसरी पायरी. त्रिकोण अबड चा पाया अब धरा, उंची डम. क्षेत्रफळ झालं अब × डम च्या निम्मं. त्रिकोण अकड चा पाया अक धरा, उंची डन. क्षेत्रफळ अक × डन च्या निम्मं. उंच्या सारख्या आहेत, म्हणून दोन क्षेत्रफळांचं गुणोत्तर उरतं अब : अक.

तिसरी पायरी. तेच दोन त्रिकोण आता दुसऱ्या बाजूने पाहा. पाया धरा बड आणि डक. दोन्ही पाये एकाच रेषेवर आहेत आणि समोरचा शिरोबिंदू अ दोघांना सामाईक आहे, म्हणजे उंची एकच. म्हणून क्षेत्रफळांचं गुणोत्तर होतं बड : डक.

त्याच दोन क्षेत्रफळांचं गुणोत्तर एकदा अब : अक आलं, एकदा बड : डक आलं. म्हणून ही दोन्ही गुणोत्तरं समान. सिद्धता पूर्ण झाली.

आता आपल्या बागेकडे परत जाऊ. आकडे आपण आपल्या सोयीने घेऊ. रस्त्याकडची बाजू अब ६० मीटर, ओहोळाकडची अक ४० मीटर, शेजाऱ्याचा बांध बक ५० मीटर. कोपरा अ मधोमध फाडला तर प्रमेय सांगतं, बड : डक = ६० : ४० = ३ : २. म्हणजे ५० मीटरच्या बांधावर ३० मीटर एकाकडे आणि २० मीटर दुसऱ्याकडे.

आणि जमीन? पूर्ण तुकड्याचं क्षेत्रफळ तीन बाजूंच्या सूत्राने काढलं तर साधारण ९९२ चौरस मीटर येतं. एक गुंठा म्हणजे जवळजवळ १०१ चौरस मीटर, तेव्हा हा तुकडा दहा गुंठ्यांना किंचित कमी. दुसऱ्या पायरीत आपण पाहिलंच, की क्षेत्रफळंही ३ : २ मध्येच विभागली जातात. म्हणजे एका भावाला साधारण ५९५ चौरस मीटर, दुसऱ्याला ३९७. फरक १९८ चौरस मीटरचा, जवळजवळ दोन गुंठ्यांचा. कोन अगदी इमानदारीने निम्मा केला आणि तरी दहा गुंठ्यांच्या तुकड्यात एका भावाकडे दोन गुंठे जास्त गेले. कुणी फसवलं नाही, कुणी खोटं बोललं नाही. फक्त ‘निम्मा कोन म्हणजे निम्मी जमीन’ हे वाक्य कुणी तपासून पाहिलं नाही.

मग सारखी वाटणी कशी होईल? तिसरी पायरी आठवा. उंची एक असेल तर क्षेत्रफळ पायाच्या प्रमाणात असतं. म्हणून बांधाच्या मध्यावर, २५ मीटरवर, खुंटी ठोकायची आणि ती अ शी जोडायची. ही झाली मध्यगा. मध्यगा जमीन निम्मी करते, कोन नाही. दुभाजक कोन निम्मा करतो, जमीन नाही. अब आणि अक समान असतील तेव्हाच या दोन रेषा एक होतात. अर्थात कागदोपत्री वाटणी सरकारी मोजणीनेच व्हायची. पण मोजणीला उभं राहताना आपल्या मनात हिशोब असला, तर नेमका प्रश्न विचारता येतो.

दुभाजक मग निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. समजा, दोघांनी जमीन विकत घेताना पैसेच ६० आणि ४० च्या प्रमाणात घातले होते. तेव्हा याच बागेत दुभाजकाने केलेली वाटणी अगदी न्याय्य ठरते. किंवा बागेतून पाण्याची नळी अशी न्यायची आहे, की ती रस्ता आणि ओहोळ या दोन्ही कडांपासून सगळीकडे सारख्या अंतरावर राहावी. ती दुभाजकावरूनच न्यावी लागेल. ‘समान’ हा शब्द वापरताना काय समान, हे आधी ठरवायचं. प्रमेय आपल्याला हेच विचारायला लावतं.

हे आम्ही डहाणूत मुद्दाम बोलतो आहोत. या पट्ट्यात हिशोब न येण्याची किंमत लोकांनी मोजलेली आहे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी माणसं लग्नगडी म्हणून राबत होती आणि वही दुसऱ्याच्या हातात होती. १९४५ साली तलासरीकडच्या झरी गावात वारली एकत्र आले आणि वेठीविरुद्धचा लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो काळ लिहून ठेवला आहे. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीतलं आपलं बालशिक्षणाचं काम कोसबाडच्या टेकडीवर आणलं आणि आजूबाजूला मिळेल त्या वस्तूंतून मुलांना शिकवलं. भूमितीही तशी शिकता येते. दोरी, खुंट्या आणि मोजपट्टी एवढं पुरे.

करून पाहा. मैदानात तीन खुंट्या ठोकून तिकोन करा. एका कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंवर सारखं अंतर, समजा दोन-दोन मीटर, मोजून खुणा करा. त्या खुणा दोरीने जोडा, दोरीचा मध्य शोधा, कोपऱ्यापासून त्या मध्यातून सरळ रेषा न्या. हा दुभाजक. तो समोरच्या बाजूला कुठे लागतो ते मोजा आणि गुणोत्तर ताडून पाहा. मोजमापात थोडा फरक येईल, तो दोरीचा. प्रमेयात फरक नाही.

आता दुसरी सिद्धता थोडक्यात. ही फार जुनी आहे. युक्लिडच्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाच्या सहाव्या भागातलं हे तिसरं विधान. अठराव्या शतकात सम्राट जगन्नाथ यांनी हा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात ‘रेखागणित’ या नावाने आणला, त्याचे १५ अध्याय आहेत.

रचना : क मधून अड ला समांतर रेषा काढा. बअ ही बाजू अ च्या पुढे वाढवा. दोन्ही जिथे मिळतात तो बिंदू इ. आता त्रिकोण बइक मध्ये अड ही इक ला समांतर आहे. प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाने बड : डक = बअ : अइ. म्हणजे अइ = अक एवढंच दाखवायचं राहिलं. कोन बअड आणि कोन अइक हे संगत कोन, म्हणून समान. कोन डअक आणि कोन अकइ हे व्युत्क्रम कोन, म्हणून समान. बअड आणि डअक तर दुभाजकामुळे समान आहेतच. तेव्हा कोन अइक = कोन अकइ. त्रिकोण अइक मध्ये दोन कोन समान, म्हणून त्यांच्या समोरच्या बाजू समान : अक = अइ. झालं.

व्यत्यासही खरा आहे. बाजू बक वर ड असा घेतला की बड : डक = अब : अक, तर अड हा कोन अ चा दुभाजकच असतो. कारण सोपं आहे. खरा दुभाजक बक ला याच गुणोत्तरात विभागतो आणि एका रेषाखंडाच्या आत दिलेल्या क्रमाने दिलेलं गुणोत्तर देणारा बिंदू एकच असतो. म्हणून दोन्ही बिंदू एकच. याचा उपयोग असा, की कोनमापक नसताना नुसत्या मोजपट्टीने दुभाजक सापडतो. आपल्या बागेत ब पासून बांधावर ३० मीटर मोजा, खुंटी ठोका, अ शी जोडा. कोन निम्मा झाला.

घरी करायला एक उदाहरण. काटकोन त्रिकोणाच्या काटकोनालगतच्या बाजू २१ आणि २८ मीटर, कर्ण ३५ मीटर. काटकोनाचा दुभाजक कर्णाचे कोणते दोन तुकडे करतो? त्या बिंदूपासून दोन्ही बाजूंचं अंतर किती? उत्तरं १५ आणि २० मीटर, आणि अंतर १२ मीटर यायला हवं. नाही आलं तर वर सांगितलेली जोडी तपासा, बहुधा चूक तिथेच सापडेल.

पुढच्या व्याख्यानात तिन्ही कोनांचे दुभाजक एकाच बिंदूत का मिळतात ते पाहू. आज सिद्ध केलेली पहिली पायरी तिथे पुन्हा लागणार आहे, तेव्हा वही सांभाळून ठेवा.