खून आपल्या स्टेशनावर

रहस्यकथेचा वाचक मुळातच संशयी. त्यात कथा त्याच्याच गावात घडत असेल, तर त्याचा एक डोळा खुन्यावर असतो आणि दुसरा लेखकावर. खुनी सापडेल तेव्हा सापडेल. पण लेखकाने गल्ली चुकवली, की आपण त्याला जागच्या जागी पकडतो!

मी माहीमचा. आमच्याकडे पोलीस नुसते पंचनाम्याला येत नाहीत. मखदूम अली माहिमींच्या उरुसात पहिल्या संदलचा मान पोलिसांचा असतो. अशा वस्तीत वाढलेल्याला पोलिसांच्या गोष्टींची गोडी लागली नाही तरच नवल. घरात इब्ने सफींच्या उर्दू कादंबऱ्या होत्या, लायब्ररीतून बाबूराव अर्नाळकर यायचे. दोघांत एक गंमतीचा फरक. इब्ने सफींचे फरीदी आणि हमीद ज्या शहरात वावरतात, त्याचं नावच लेखक सांगत नाही. प्रत्येकाने ते आपापल्या मनात वसवावं. अर्नाळकरांनी मात्र हजारावर पुस्तकं लिहिली आणि झुंजारला आपल्या मुंबईच्या रस्त्यांवर मोकळं सोडलं. इब्ने सफी वाचून मी स्वप्नं पाहिली. अर्नाळकर वाचून रस्ते पाहायला शिकलो.

आता ही मजा नेमकी येते कुठून? परक्या शहरातला पुरावा लेखक देईल तेवढाच. आपल्या शहरातला अर्धा पुरावा आपल्याच खिशात असतो. समजा, संशयित म्हणाला, ‘चर्चगेटहून फास्ट पकडली आणि माटुंगा रोडला उतरलो.’ तिथे फास्ट थांबत नाही, हे इन्स्पेक्टरच्या आधी मला कळतं. हा खोटं बोलतोय! किंवा मग लेखकाने कधी लोकलने प्रवास केलेला नाही. दोन्ही शोध सारखेच सुखाचे.

पण बारीकसारीक तपशील म्हणजेच सगळं, असंही नाही. एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकाने १९६४ साली मुंबईचा इन्स्पेक्टर घोटे जन्माला घातला, तेव्हा त्याने भारत पाहिलाही नव्हता. इथे तो आला त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी. तरीही वरिष्ठांना दबकणारा, मनातून चिवट असा तो घोटे ओळखीचा वाटतो. विक्रम चंद्रांच्या ‘सेक्रेड गेम्स’मधलं कैलासपाडा नकाशात शोधून सापडणार नाही, पण तशी उपनगरं आपण पाहिलेली असतात.

माझ्या अगदी दारात आलेलं पुस्तक म्हणजे जेरी पिंटो यांची ‘मर्डर इन माहीम’ ही २०१७ सालची इंग्रजी कादंबरी. माटुंगा रोड स्टेशनच्या मुतारीत एका तरुणाचं प्रेत सापडतं. निवृत्त पत्रकार पीटर डिसोझा आणि इन्स्पेक्टर जेंडे तपासाला लागतात. तपास पोचतो तो समलिंगी पुरुषांच्या लपूनछपून जगण्यापाशी, त्यांना कायद्याची भीती घालून पैसे उकळणाऱ्यांपाशी. तो कायदा, म्हणजे कलम ३७७, तेव्हा त्यांच्या डोक्यावर टांगलेलाच होता. सुप्रीम कोर्टाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं ते सप्टेंबर २०१८ मध्ये. ज्या स्टेशनावरून वर्षानुवर्षं ये-जा केली, तिथे माझ्याच शेजारी उभं राहून कुणी इतकं घाबरत होतं, हे मला एका खुनाच्या गोष्टीने सांगितलं. बातम्यांमधून ते इतकं जवळ आलं नव्हतं.

एक बोचही सांगून टाकतो. सुमार रहस्यकथांमध्ये खबऱ्या, तस्कर, सुरा चालवणारा असा कुणी आला, की त्याचं नाव आमच्यातलं आणि पत्ता आमच्या मोहल्ल्याचा. तिथे बेकरीवाला नसतो, शिंपी नसतो, शाळामास्तर नसतो. असं पुस्तक मी अर्ध्यावर मिटतो. फास्ट लोकल माटुंगा रोडला थांबवणाऱ्या लेखकाला मात्र मी माफ करतो. निदान तो आमच्याकडे उतरायला तरी निघाला होता.