नवी कवळी बोचते तेव्हा

दात पडले म्हणून कवळी केली. चार दिवस घातली, टोचली, आणि डब्यात घालून फडताळात ठेवून दिली! आमच्या रत्नागिरीकडे अशी कवळी पुष्कळ घरांत निघेल. पैसे गेले ते गेलेच, वर म्हातारे माणूस पुन्हा पेजेवर आले. असे होऊ नये म्हणून एवढे ध्यानात घ्यावे, की नव्या कवळीचा त्रास दोन तऱ्हेचा असतो. एक सवयीचा आणि दुसरा जखमेचा.

सवयीचा त्रास असा. तोंडात काही आले की ते खायचेच, असे तोंडाला वाटते. म्हणून लाळ सुटते. जीभ अडखळते, 'स' आणि 'श' नीट उमटत नाहीत. हा त्रास कवळी घातल्यानेच जातो, काढून ठेवल्याने नाही. त्याला काही आठवडे लागतात. रोज थोडे मोठ्याने वाचावे. हाच पाठ वाचा ना, दोन्ही कामे होतील!

पहिले आठ-दहा दिवस मऊ भात, कुळथाचे पिठले, आंबोळी असे खावे. घास लहान घ्यावा आणि दोन्ही बाजूंनी चावावा. एकाच बाजूने चावले की दुसरी बाजू उचलते. भाकरी पुढच्या दातांनी तोडू नये, कालवणात मोडून खावी. टाळू झाकलेला असतो, म्हणून चहाचा चटका लवकर कळत नाही. तो जपून प्यावा. सुपारी मात्र कायमची सोडावी, असे आमचे मत आहे.

आता जखमेचा त्रास. आपले दात हाडात रोवलेले असतात. कवळी नुसती हिरडीवर टेकते. एखादी कड जास्त दाबली की तेवढीच जागा लाल होते, सोलते. ही जखम सवयीने बरी होत नाही. दाताच्या डॉक्टरांकडे जावे. जाण्याआधी काही तास कवळी घालावी, म्हणजे कुठे लागते ते त्यांना दिसते. ते तेवढीच कड घासून देतात. अशा एक-दोन फेऱ्या होतातच, त्यावरून कवळी बिघडली असे समजू नये. घरी कानस लावू नका. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी लावली, आणि कवळीचे दोन तुकडे झाले. दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर मात्र लगेच दाखवावे. तंबाखू किंवा मिश्री लावणाऱ्यांनी तर चालढकल करूच नये, कारण तोंडाचा कर्करोगही अशाच चट्ट्याने सुरू होतो.

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ साली शपथ घेतली, तेव्हा त्यांना स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या कवळ्यांत हस्तिदंत आणि शिसे असे. त्या मानाने आपली प्लास्टिकची कवळी फुलासारखी हलकी!

रात्री कवळी काढून साबणाने, मऊ ब्रशने धुवावी आणि साध्या पाण्यात ठेवावी. हिरड्यांना विसावा मिळतो. कढत पाण्याने ती वाकते. राखुंडीने चरे पडतात.

घरात दातांची तार काढलेले मूल असेल, तर त्याच्या पट्टीचा नियम निराळा. तिला रिटेनर म्हणतात. ती बहुधा रात्रीच घालायची असते. चार दिवस सोडली की दात सरकू लागतात आणि पट्टी आवळते. थोडी आवळली तर घालत राहावी. बसतच नसेल तर जोर लावू नये, मुलाला डॉक्टरांकडे न्यावे.