सिस्टर, तुमचे प्रमाणपत्र परदेशी चालेल का?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. रात्रीचा राउंड आटोपून मी हात धूत होतो. आमच्या नर्सरीतील सिस्टर शेजारी येऊन उभ्या राहिल्या व अंमळ संकोचाने म्हणाल्या, "सर, माझी मावसबहीण कॅनडात असते. तिथं प्रॅक्टिकल नर्सला काम मिळतं म्हणे. माझं एएनएमचं सर्टिफिकेट तिकडे चालेल का?"

हजार ग्रॅमच्या आतील बाळाची शीर अंधुक प्रकाशातही अचूक शोधणारा त्यांचा हात मी सहा वर्षे पाहत आलो आहे. "का नाही चालणार?" असे मी बोलून गेलो. त्या उत्तरात सदिच्छा होती, माहिती नव्हती. वडोदऱ्यात आज गल्लोगल्ली आयईएलटीएसचे वर्ग आहेत; परंतु इंग्रजीची परीक्षा ही या वाटेवरील एक पायरी. खरा प्रश्न त्याआधीचा आहे.

'प्रॅक्टिकल नर्स' हा अमेरिका व कॅनडातील स्वतंत्र परवाना आहे. अमेरिकेत हा अभ्यासक्रम साधारण वर्षभराचा असतो. मग आपला दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम त्याच्या तोडीचा का मानू नये, असे कोणासही वाटेल. परंतु तिथे वर्षे मोजण्याआधी तास आणि विषय पाहतात. तिथली प्रॅक्टिकल नर्स रुग्णालयात वा वृद्धाश्रमात, रजिस्टर्ड नर्सच्या देखरेखीखाली, मुख्यतः प्रौढ व वृद्ध रुग्णांची शुश्रूषा करते. आपली एएनएम घडवली गेली ती उपकेंद्रासाठी, म्हणजे सपाट प्रदेशातील पाच हजार व डोंगराळ वा आदिवासी भागातील तीन हजार वस्तीसाठी. सामुदायिक आरोग्य, बालआरोग्य, प्रसूतिशास्त्र, लसीकरण हा तिच्या शिक्षणाचा गाभा. शस्त्रक्रियेनंतरचा प्रौढ रुग्ण अथवा मनोरुग्ण तिच्या अभ्यासक्रमात फारसा येत नाही. तिचे शिक्षण कमी दर्जाचे मुळीच नव्हे. ते वेगळ्या कामासाठी आहे. तुलनेचा तक्ता मांडला की मात्र हे वेगळेपण उणिवेच्या रकान्यात जाऊन बसते.

परवानाही देशाचा नसतो. अमेरिकेत तो राज्याचा, कॅनडात प्रांताचा असतो. अमेरिकेत राज्याच्या मंडळाने पात्र ठरवल्यावरच एनक्लेक्स-पीएन या परीक्षेला बसता येते. शिवाय परदेशी परिचारिकांना कायम वास्तव्यासाठी तिथे जी 'शेड्यूल ए'ची सवलत आहे, ती रजिस्टर्ड नर्सना आहे, प्रॅक्टिकल नर्सना नाही. कॅनडात ओंटारिओ व ब्रिटिश कोलंबिया या प्रांतांत २०२२ पासून रेक्स-पीएन ही परीक्षा आहे. अलीकडे काही प्रांतांनी छाननी सुलभ केली असली, तरी एका प्रांताचा अनुभव दुसऱ्यास लागू पडेलच असे नाही. आणि आपल्याकडील जीएनएम, क्वचित बीएस्सी झालेल्या परिचारिकाही तिथे एक पायरी खाली उतरून प्रॅक्टिकल नर्स म्हणून रुजू झालेल्या आढळतात. त्या पायरीवर आधीच अशी गर्दी असते.

इंग्लंडची वाट तर अनेकींनी 'केअर वर्कर' म्हणून धरली. तो व्हिसा फेब्रुवारी २०२२ मध्ये खुला झाला आणि २२ जुलै २०२५ रोजी परदेशातून होणाऱ्या नव्या भरतीसाठी बंद झाला. त्या कामास परिचारिकेची नोंदणी लागतच नव्हती, हे एजंटाने किती जणींना सांगितले असेल, कोण जाणे!

आता थोडे स्वतःविषयी. सिस्टरांनी अनुभवाचा दाखला मागितला, तेव्हा मी जुनी कपाटे उघडली. पहिल्या दोन वर्षांचे नियुक्तीपत्रच नव्हते. पगार रोख दिलेला. हजेरीचे मस्टर जागा बदलताना रद्दीत गेलेले. एक व्यवसायबंधू म्हणाले, "लिहून टाका सहा वर्षे, कोण येतंय बघायला?" परंतु हल्ली बघतात. आखाती देशांसाठी डेटाफ्लोमार्फत होणारी पडताळणी असो वा कॅनडातील छाननी, विचारणा अनेकदा थेट नर्सिंग स्कूलला, कौन्सिलला आणि मालकाला होते. खोटा दाखला देणारा डॉक्टर घरीच राहतो. अर्ज बाद होतो तो तिचा. मी चार वर्षांचाच दाखला दिला. उरलेली दोन वर्षे तिने माझ्याकडे काढली, एवढेच; कागदावर ती कुठेच नाहीत.

वाट अगदीच बंद आहे असे नाही. नोंदणीकृत एएनएमला जीएनएमला प्रवेश घेता येतो. ती तीन वर्षे. त्यापुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी. मग रजिस्टर्ड नर्सच्याच दारावर थाप मारता येते. हे सारे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, "म्हणजे तेव्हा मी चौतिशीत असेन, सर. मुलगी दहावीला."

त्यांनी जीएनएमचा अर्ज आणला आहे. अजून भरलेला नाही. त्या आठवड्यात रुजू झालेल्या नव्या सिस्टरला मात्र मी पहिल्याच दिवशी, तारीख घालून, नियुक्तीपत्र दिले. तिने ते न वाचताच घडी करून पर्समध्ये ठेवले.