समुद्रतळाची वही – भाग 7 : शिंपीचं वय आणि पाण्याचं वय

मागच्या भागात आपण पाहिलं की शिंपल्यातला कार्बन-14 दर 5,730 वर्षांनी निम्मा होतो आणि उरलेला मोजला की वय निघतं. तो भाग वाचून काचीगुड्याहून एका आजींचा फोन आला. त्यांच्याकडे तिसरीची एक शिंपी आहे. हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतरच्या उन्हाळ्यात, 1949 साली, त्या आईबरोबर रत्नागिरीला आजोळी गेल्या होत्या. तिथे तिसऱ्यांचं सुकं झालं. त्यातली एक शिंपी त्यांनी धुऊन फ्रॉकच्या खिशात घातली, ती हैदराबादला आली आणि पुढे घरातल्या दोन पिढ्यांनी तिच्यातून औषध चाटलं. "ही मोजली तर पाऊणशे वर्षं येतील ना?" त्यांनी विचारलं.

नाही येणार. बहुधा काहीशे वर्षं येतील. यंत्र बरोबर असेल, आजींची आठवणही पक्की असेल, तरीही.

कार्बन-14 तयार होतो हवेत, खूप वर. झाड तो थेट हवेतून घेतं, म्हणून लाकडाचा हिशेब सरळ असतो. शिंपला मात्र कार्बन घेतो पाण्यातून. समुद्राचं वरचं पाणी हवेशी देवाणघेवाण करतं खरं, पण त्यात खालून आलेलं पाणीही मिसळत असतं. या खालच्या पाण्याची हवेशी शेकडो वर्षं गाठ पडलेली नसते आणि तेवढ्या काळात त्यातला कार्बन-14 झिजलेला असतो. नव्या तांदळात जुना मिसळला की भात ना धड नवा लागतो ना जुना, तसं हे. त्यामुळे शिंपला जन्मतःच म्हातारा दिसतो. जगभराची सरासरी धरली तर सुमारे 400 वर्षांनी.

पण अरबी समुद्राचं काय आणि बंगालच्या उपसागराचं काय? हे ठरवायचं तर कोणत्या साली मेले याची खात्री असलेले शिंपले हवेत, आणि तेही जुने. 1950 च्या दशकातल्या अणुचाचण्यांनी हवेत इतका नवा कार्बन-14 सोडला की त्यानंतरचे शिंपले या कामाला निरुपयोगी ठरतात. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतले कौशिक दत्ता, रवी भूषण आणि बी. एल. के. सोमयाजुलु यांनी असे शिंपले मिळवून मोजले आणि 2001 मध्ये निष्कर्ष छापले. शिंपले किती? फक्त सात. 1930 ते 1954 या काळात गोळा केलेले. अरबी समुद्रातल्या शिंपल्यांची वयं 434 पासून 693 वर्षांपर्यंत आली, बंगालच्या उपसागरातल्यांची 408 ते 511. सरासरीच्या वर उत्तर अरबी समुद्रासाठी आणखी 163 वर्षं वजा करायची, दक्षिण बंगालच्या उपसागरासाठी जेमतेम 32.

मला या दोन आकड्यांतलं अंतर फार मोलाचं वाटतं. वजाबाकी करून बाजूला टाकण्याची ही चूक नव्हे, हा समुद्राचा स्वभाव आहे. पावसाळी वारे सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यालगत सुटतात तेव्हा वरचं पाणी लांब ढकललं जातं आणि खालचं थंड, जुनं पाणी वर येतं. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, आपली गोदावरी इतकं गोडं पाणी ओततात की ते हलकं पाणी झाकणासारखं वर बसतं. वरचं आणि खालचं पाणी या दोन समुद्रांत वेगवेगळं मिसळतं, म्हणूनच वयांत फरक पडत असावा, असं या संशोधकांनीही म्हटलं आहे.

समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आपल्या हैदराबादेत 1999 पासून 'इन्कॉइस' ही समुद्राची माहिती गोळा करणारी संस्था आहे. 'आर्गो' या जागतिक मोहिमेचे फ्लोट दोन हजार मीटर खाली जाऊन वर येतात, तेव्हा हिंदी महासागरातलं तापमान आणि खारटपणा तिथे नोंदला जातो. पण ही वही पंचवीसेक वर्षांचीच. त्याआधीची पानं चिखलात आहेत. एकाच थरात लाकडाचा तुकडा आणि शिंपला सापडला, तर दोघांच्या वयांतला फरक म्हणजे त्या काळातल्या पाण्याचं वय. तो फरक वाढलेला दिसला तर खालचं पाणी तेव्हा जास्त वर येत होतं का, वारे जोरात होते का, हे विचारता येतं.

मात्र शिंपला जागचा असला पाहिजे. लाटा जुने शिंपले उकरून नव्या थरात टाकतात. म्हणून दोन्ही शिंप्या बिजागरीशी जोडलेल्या मिळाल्या तर जाणकाराचे डोळे लकाकतात: हा जीव इथेच जगला, इथेच पुरला गेला. मग सौम्य आम्लाने वरचा पापुद्रा काढतात आणि मूळ स्फटिक बदललेले नाहीत ना, हे क्ष-किरणांनी तपासतात. आजच्या यंत्रांना दहा मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीतली पूडही पुरते.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या हाशिमी, निगम, नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रपातळीची जी रेषा मांडली, ती अशाच तळावरच्या अवशेषांच्या वयांवर उभी आहे. साडेचौदा हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे शंभर मीटर खाली होता. दहा हजार ते सात हजार वर्षांपूर्वीच्या काळात तो हजार वर्षांत वीस मीटर या वेगाने चढला. शंभर मीटरच्या गोष्टीत दीडशे वर्षांची दुरुस्ती फारशी जाणवत नाही. पण बंदराच्या एखाद्या थराचं वय शिंपल्यावरून ठरवायचं असेल, तर तेवढ्यात राजवट बदलते.

आता आजींची शिंपी. जिवंत तिसरीची, कारण ती शिजवून खाल्ली. साल माहीत आहे आणि ते चाचण्यांचा कार्बन समुद्रात उतरण्याआधीचं आहे. मी हरखून विचारलं, "तिसऱ्या कुठल्या होत्या?" "भाट्याच्या खाडीतल्या," त्या म्हणाल्या. म्हणजे काजळी नदीचं पाणी आलंच, आणि नदी आपला वेगळा कार्बन आणते. उघड्या समुद्राची ती साक्षीदार होणार नाही, खाडीची होईल. तरी मी त्यांना शिंपीबरोबर एक चिठ्ठी ठेवायला सांगितलं. त्यांनी नातवाकडून ती लिहून घेतली आणि फोनवर वाचून दाखवली: भाट्याची खाडी, रत्नागिरी, उन्हाळा 1949, जिवंत आणली होती.