दूरचित्रपटातील रक्तपिपासू आणि मराठी भूतकल्पना

पाश्चात्त्य भयकथेतील ‘व्हॅम्पायर’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘रक्तपिपासू पिशाच’ हा शब्दप्रयोग अर्थ सांगतो. परंतु त्यामागील कल्पना आपल्या लोकसमजुतीत जशीच्या तशी आढळत नाही. ही कल्पना एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात आणि एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना तिचे काय होते, हे पाहण्यास ‘सेलम्स लॉट’ हे उदाहरण विशेष उपयुक्त आहे.

स्टीफन किंग यांची ही कादंबरी १९७५ साली प्रसिद्ध झाली. टोबी हूपर यांनी दिग्दर्शित केलेले तिचे दूरचित्रवाणीरूप नोव्हेंबर १९७९ मध्ये अमेरिकेतील सी. बी. एस. वाहिनीवरून दोन भागांत दाखविण्यात आले. कादंबरीतील बार्लो हा सुसंस्कृत व बोलका आहे. दूरचित्रपटात मात्र तो मूक असून त्याचे रूप मुर्नाऊ यांच्या १९२२ सालच्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटातील पिशाचावरून घेतले आहे; त्याच्या वतीने बोलण्याचे काम त्याचा सहकारी स्ट्रेकर करतो. घरोघरी दिसणाऱ्या माध्यमात रक्तपाताच्या चित्रणावर कडक मर्यादा होत्या. त्यामुळे भयाचा भार दृश्य हिंसेऐवजी प्रतीक्षेवर पडला. मृत बालक रात्री धुक्यातून तरंगत येऊन भावाच्या खिडकीची काच नखांनी खरवडतो आणि भाऊ आपल्या हाताने ती खिडकी उघडतो, हे दृश्य त्यामुळेच स्मरणात राहते.

या दृश्याचे मर्म आमंत्रणाच्या नियमात आहे. पाश्चात्त्य कथासंकेताप्रमाणे असे पिशाच बोलावल्यावाचून घरात शिरू शकत नाही. उंबरठ्यावर हळदीकुंकू वाहणाऱ्या आणि दारापुढे रांगोळी रेखणाऱ्या समाजाला घराच्या सीमेचे हे महत्त्व सांगावे लागत नाही. शिवाय दूरचित्रवाणी हे माध्यमच माजघरात आणून ठेवलेले. प्रेक्षकाने आमंत्रण आधीच दिलेले असते. चित्रपटगृहातील भय मागे टाकून घरी येता येते. घरात पाहिलेले भय घरातच राहते.

मराठी भूतकल्पनेचे अधिष्ठान निराळे आहे. मुंजा हा मौंजीनंतर व विवाहापूर्वी मृत्यू आलेला मुलगा. त्याचे स्थान पिंपळावर. हडळ ही बहुधा अतृप्त वा छळ सोसून मेलेली स्त्री. वर्ध्यासारख्या जिल्ह्यातील गावापासून कोकणापर्यंत या कल्पनांचे तपशील बदलले, तरी अपुरे राहिलेले आयुष्य हे त्यांचे सूत्र बहुतांशी कायम असते. वेताळ तर याहूनही वेगळा. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तील वेताळ प्रेतात वास करतो, परंतु तो राजाला प्रश्न घालतो आणि अखेरीस कपटी साधकापासून त्याला वाचवितो. कोकणात व गोव्यात तो ग्रामदेवता म्हणून पूजिला जातो. रिचर्ड बर्टन यांनी १८७० साली आपल्या इंग्रजी रूपांतराच्या शीर्षकात वेताळाला ‘व्हॅम्पायर’ म्हटले, ते म्हणूनच दिशाभूल करणारे ठरते. १९८५ साली रामानंद सागर यांच्या मालिकेतून दूरदर्शनवर आलेला वेताळ मुलांनाही आवडला, यात नवल नाही.

अशा परंपरेत नारायण धारप (१९२५–२००८) यांनी ‘सेलम्स लॉट’च्या आधारे ‘लुचाई’ ही कादंबरी लिहिली. तिचे महत्त्व केवळ कथानक उचलण्यात नाही. आपल्या भुताला बहुधा एखादा पूर्वेतिहास असतो व त्याची शांती करता येते; बाहेरून आलेल्या या पिशाचाला ना गाऱ्हाणे आहे, ना शांतीची अपेक्षा. ते शेजाऱ्याला शेजाऱ्याचा वैरी करते. गाव आतून पोखरले जाण्याची ही भीती मराठी वाचकालाही परकी वाटली नाही.

येथेच अभ्यासकाने एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. कथेतील भय वाचकाने स्वेच्छेने पत्करलेले असते आणि ते कथेबरोबर संपते. गावात एखाद्या व्यक्तीवर करणीचा आळ आला, तर ते भय तिच्यावर लादले जाते. २०१३ च्या महाराष्ट्रातील जादूटोणाविरोधी अधिनियमाने भूत उतरविण्याच्या नावाखाली होणारी मारहाण आणि असे आळ घेणे दंडनीय ठरविले, भयकथा नव्हे. कल्पनेतील पिशाचाला कल्पनेतच ठेवणारा समाज भयकथेचा आस्वाद अधिक निःशंकपणे घेऊ शकतो.